पुंजारामच्या तीन फळ्या

तारापूरजवळच्या घिवलीत पुंजारामला सगळे पॉलिशवाले मिस्त्री म्हणत. नाक भलंमोठं, टोकाला किंचित वाकलेलं, आणि त्या नाकाचा गर्वही तेवढाच मोठा. सिन्नरला ज्या उस्तादाच्या हाताखाली तो शिकला, त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं की पॉलिश डोळ्यानं पाहायचं, पण पारखायचं नाकानं, आणि दुसऱ्याच्या नाकावर कधी विसंबायचं नाही. उस्ताद जाऊन बारा वर्षं झाली. पुंजारामनं तो शब्द मात्र गाठीला बांधून ठेवला होता. असल्या एकेका शब्दापायी माणूस काय काय गमावून बसतो, हे आता उस्तादांना कोण जाऊन सांगणार!

तारापूरला वीजघराचं काम निघालं तेव्हा तो बायकोला घेऊन इकडं आला. कॉलनीतल्या कपाटांना, टेबलांना, पलंगांना पॉलिश मारायचं काम एका ठेकेदाराकडे होतं. कापसाचा बोळा घासत बसायचे दिवस सरले होते. ठेकेदारानं पंप आणला, स्प्रेगन आणली, थिनरमध्ये पातळ केलेलं लॅकर आणलं. पुंजाराम दिवसाला सहा कपाटं काढू लागला. डबे शेडमधून चोरीला जातात म्हणून तो ते घरी आणून खाटेखाली ठेवायचा. खोली एकच. नर्मदेला लहानपणापासून दमा.

ती म्हणायची, वासानं जीव घुसमटतो. हा खाटेखाली वाकायचा, ते मोठं नाक फुलवायचा आणि म्हणायचा, वास कुठंय? एकदा नाही, वर्षभर हेच म्हणाला. शेवटी एका सकाळी नर्मदेचे ओठ निळे पडले. तिचा भाऊ भगवंत वाणगावला रेल्वेत होता, तो आला आणि तिला आपल्या क्वार्टरवर घेऊन गेला. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, निदान मिटलं तरी असतं.

अशी तीन वर्षं गेली. महिन्या दोन महिन्यांनी पुंजाराम वाणगावला जायचा, ओट्यावर बसायचा, पाणी प्यायचा आणि परत यायचा. खोलीत बोलायला भिंती होत्या. शेजारची राहीबाई, सुकी मासळी विकणारी म्हातारी, कुंपणाच्या कुडावरून ओरडायची, "मिस्तरी, भाकर जलली तुमची. वाडीभर वास सुटलाय, तुमाला कसा कलत नाय?" पुंजाराम म्हणायचा, लक्ष नव्हतं. आणि ती काळी भाकरी तो निमूट खायचा.

अडुसष्टच्या दिवाळीनंतर त्यानं मनावर घेतलं. डबे घरी ठेवणं बंद केलं, खोलीला चुना दिला आणि सागाच्या उरलेल्या फळ्यांचं एक कपाट बांधायला घेतलं. नर्मदेची भांडी अजून पोत्यातच होती. तिला कपाटाची हौस होती. लग्न झाल्यापासून म्हणत होती. कपाट तयार झालं की तिला आणायचं, असं त्यानं भगवंतला कळवून टाकलं. आता प्रश्न एवढाच होता की कपाटावर मारायचं काय. वास नको, आणि टिकायला तर हवं.

त्यानं तीन फळ्या केल्या. एकीवर तेलाचं व्हार्निश, दुसरीवर स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, म्हणजे लाख, तिसरीवर लॅकर. तिन्ही स्प्रेनंच मारले, पातळ पातळ हात दिले, आठवडाभर वाळवले. घिवलीच्या खाऱ्या वाऱ्यात व्हार्निश चिकटच राहिलं, ते बाद झालं. चपड्यावर गरम पातेलं ठेवलं तर पांढरं कडं उमटलं. लॅकरवर मात्र पातेलं ठेवा, पाणी सांडा, काही होत नव्हतं.

राहिली वासाची परीक्षा. ती उस्तादाची होती. फळी पत्र्याच्या डब्यात घालायची, शेजारी कागदावर चहाची पूड ठेवायची, झाकण लावून एक रात्र जाऊ द्यायची. चहा कुठलाही वास ओढून घेतो. सकाळी तो चहा करून प्यायचा, लबाडी लगेच जिभेवर येते. पुंजारामनं तिन्ही चहा प्यायले. तिन्ही चांगले लागले. त्याला एवढा आनंद झाला की त्यानं चौथाही करून प्यायला. लॅकरला वास नाही, म्हणजे टिकाऊ तेच मारायला हरकत नाही! त्यानं आतून बाहेरून लॅकरचे पाच हात दिले. राहीबाईला विचारावं असं त्याच्या मनातही आलं नाही. पारख करायची ती आपल्या नाकानं.

संक्रांतीला नर्मदा आली. भगवंत तिला दारात सोडून बोईसरला गेला. तिनं कपाट पाहिलं, त्यावरून हात फिरवला, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडं बघून हसली. मग तिनं दार उघडलं. उघडलं तशी मागं सरली, पदर तोंडाला लावला आणि खोकत खोकत ओट्यावर जाऊन बसली.

"अगं, वास कुठंय?" पुंजाराम म्हणाला.

तिनं वर पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, ते खोकल्याचंही होतं आणि रागाचंही. पण त्याचं तोंड थट्टेचं नव्हतं. तो खरोखर कपाटात डोकं घालून शोधत होता.  नर्मदा उठली, त्याला डोळे मिटायला सांगितले आणि घासलेटची बाटली उघडून त्याच्या नाकाखाली धरली.

"कशाचा वास हाय?"

"कशाचाच नाय."

तिनं राहीबाईचे सुके बोंबील आणून धरले. त्यानं पुन्हा मान हलवली. डोळे उघडले आणि तिच्या हातातले बोंबील पाहून ते ओढून स्वतःच नाकाशी धरले. थिनरनं त्याचं नाक कधीचं मारून टाकलं होतं. तीन चहा चांगले लागले ते त्यामुळे. भाकऱ्या जळल्या त्याही त्यामुळेच.

नर्मदा म्हणाली, "मला वाटलं, माझ्या दम्याचं तुमाला काय पडलेलंच नाय. तीन वर्सं मी हेच धरून बसले."

संध्याकाळच्या गाडीनं ती वाणगावला परतली, कारण रात्र त्या खोलीत काढणं शक्यच नव्हतं. पण जाताना सांगून गेली की आठवडाभर कपाटात चहाची पूड ठेवा आणि रविवारी घेऊन या, मी पिऊन सांगते. पुंजाराम दर रविवारी पुडी खिशात घालून बसनं बोईसरला आणि तिथून गाडीनं वाणगावला जाऊ लागला. ती चहा करायची, घोट घ्यायची, "अजून हाय" म्हणायची. त्याचा कप तो संपवायचा. गरम आहे आणि गोड आहे, यापलीकडं त्याला काही कळत नव्हतं. आपल्याच कामाची खबर दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला एवढा लांबचा फेरा करावा लागतो, याचं त्याला फार वाईट वाटायचं.

आठव्या रविवारी तिनं घोट घेतला, थोडी थांबली आणि म्हणाली, "गेला."

त्याच दिवशी ती आली. भांडी पोत्यातून निघाली, घासून पुसून कपाटात लागली. चार दिवस घरात दोन माणसांचा आवाज होता. भाकरी करपली नाही. पुंजाराम कामावरून आला की शेडवरच आंघोळ करून, कपडे बदलून यायचा.

पाचव्या दिवशी त्याला चहाचा डबा दिसला. मीठ, हळद, डाळी, सगळं कपाटात होतं. चहाचा डबा तेवढा खिडकीत. त्यानं सहज उचलून कपाटात ठेवला, तर नर्मदेनं गडबडीनं तो पुन्हा खिडकीत नेऊन ठेवला आणि चुलीकडं वळली. पाठ करून उभी होती, पण खांदे वरखाली होत होते. तो खोकला ती चार दिवस पदरात गिळत होती.

पुंजारामला सगळं कळलं. वास गेला नव्हता, ती त्यासकट राहायला आली होती. त्याला रडू आलं, आणि त्यानं ते लपवलं नाही.

"नर्मदे, आवर. तुला वाणगावला पोचवतो."

"मी सोसते की. तुमी एकटे किती राहणार?"

"तू सोसायची, आन मला कळणार बी नाय. ते नको."

त्यानं तिला स्वतः गाडीत बसवलं. ज्या बाईची तीन वर्षं वाट पाहिली, तिला पाच दिवसांत आपल्या हातानं परत पाठवत होता. गाडी हलली तेव्हा ती खिडकीतून म्हणाली, "चपडाच मारा. गरम पातेल्याखाली मी चुंबळ ठेवीन."

घरी येऊन त्यानं भांडी परत पोत्यात भरली. कपाट ओढत अंगणात आणलं, फुटक्या काचेचा तुकडा घेतला आणि लॅकर खरवडायला बसला. राहीबाई कुडापाशी आली. आयुष्यात पहिल्यांदा पुंजारामनं आपण होऊन दुसऱ्याला विचारलं, वास येतो का बघ. ती म्हणाली, येतो. तो पुन्हा खरवडू लागला. ऊन कललं तेव्हा आत गेला, खिडकीतला डबा काढून एक कप चहा केला, आणि एकट्यानं प्यायला. गरम होता, गोड होता.