हिरड्या सुकण्याआधी

“माका चावूक नको, डॉक्टर. माका फुंकूक होया.” लालबागच्या दातांच्या डॉक्टरांना तो प्रत्येक खेपेला हेच सांगे.

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीतला हा शेजारी बॅण्डमध्ये कॉर्नेट वाजवी. हा छोटा पितळी बाजा ओठांवर दाबून फुंकायचा. ओठांना मागून आधार दातांचा. त्याचे सगळेच हलत होते. साठ सालच्या फेब्रुवारीत काढले. सोबतीला मी.

“हिरड्या सुकल्या की आक्रसतात,” डॉक्टर म्हणाले. “तीन महिने थांबा, मग कवळी करू.”

“एक मेक आपला राज्य येतला. मिरवणुकीत मी नसलंय तर बॅण्डमास्तर दुसरो ठेवतले. मगे पोरांनी खावचा काय?”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. “घ्या माप लवकर,” मी म्हटलं.

महिन्याभरातच माप घेतलं. गरम लगद्याचा साचा तोंडात बसवला तेव्हा त्याला उमासे आले. माझं मनगट त्याने सोडलं नाही. पुढच्या खेपेला मेणात रोवलेले दात नुसते बघायला घातले. डॉक्टर हात धुवायला वळले, तर याने खिशातून बाज्याचं सुटं होणारं तोंड काढून फुंकलं.

“अहो, मेण आहे ते!”

पुढचे दोन दात तिरके झाले होते. तो मात्र खुशीत. “भाऊ, आयकलात? वाजलो!”

कवळी आली. लाळ आवरेना, हिरड्या सोलवटल्या, बोलताना शिट्टी वाजे. एप्रिलात हिरड्या आणखी बसल्या आणि कवळी खुळखुळू लागली. तिच्याखाली कापूस घालून तो गॅलरीत सराव करी.

“बाजा वाजवतोस की शेळी पिळतोस रे?” शेजारच्या काकू ओरडत. तो हसत नसे.

एक मेच्या मिरवणुकीत तो पहिल्या रांगेत होता. पहिल्याच वरच्या सुराला कवळी सुटली. ती खिशात टाकून त्याने बाजा पुन्हा ओठांना लावला. गाल फुगले, मानेच्या शिरा ताठल्या. आला तो नुसता वारा. बॅण्डमास्तरांनी मान न वळवता ढोलवाल्यांना खूण केली: जोरात! गुलाल उडत होता, लोक नाचत होते. नाक्यापर्यंत तो तसाच फुंकत चालला.

दुसऱ्या दिवशी बायकापोरांना घेऊन तो गावच्या बोटीत बसला. बॅण्डमास्तरांनी त्याची मजुरी, पुरे दहा रुपये, माझ्याकडे आणून दिली. कवळीचे तेवढेच द्यायचे राहिले होते. ते मी डॉक्टरांना दिले.

“घेऊन या त्यांना,” पैसे ठेवत डॉक्टर म्हणाले. “हिरड्या आता सुकल्या असतील. कवळी आतून भरून घट्ट बसवून देतो.”