एकवीसचा खेळाडू

पहिल्या दहा पॉइंटांपुरतं सम्राट ओव्हाळला कुणीही हरवावं. दौंडात त्याचं कुणाला कौतुक नव्हतं. रॉकेलच्या रांगेतला माणूस उचलून आणून त्याच्या हातात टेबल टेनिसची बॅट दिली असती, तरी तो दहा-चारनं पुढं गेला असता. मग सम्राट बॅट एकदा शर्टाला पुसायचा, आणि समोरच्याचं जे काही झकास चाललेलं असेल ते बंद पडायचं. खेळ एकवीस पॉइंटांचा असल्यामुळं हे सगळं सावकाश करायला सवड होती.

ही विद्या त्याला दिली इब्राहिमचाचांनी. चाचा मालगाडीचे गार्ड होते. उभा जन्म शेवटच्या डब्यात बसून, बाजूच्या लूप लाइनीला गाडी घालून, मेल-एक्सप्रेस पुढं जाताना बघण्यात गेला. त्यामुळं दुसरा पुढं गेला की आपलं काही बिघडतं, असं त्यांना वाटतच नसे.

"समोरचा पुढं चाललाय? जाऊ दे की," ते सांगायचे. "मेलला रस्ता द्यायचा. ती घाईत असती. घाईतला मानूस सगळं उघडं करून दाखवतो. दहा पॉइंटात त्याचा सोभाव कळला, की मंग आपली मालगाडी काढायची."

स्टेशनापलीकडच्या कौलारू हॉलात हे चालायचं. टेबलामागं दोन ढांगांवर भिंत. मागं सरायची सोय नाही, म्हणून दौंडचे सगळे टेबलाला चिकटून खेळायला शिकले. बाहेरून एक्सप्रेस गेली की टेबलावर ठेवलेला चेंडू आपणहून चालायला लागायचा, आणि चाचा म्हणायचे, "बघा, ह्याच्यात बी जीव हाय, आपल्यातच न्हाई."

बायका कलिंगड टिचकी मारून ओळखतात, तसा सम्राट माणूस ओळखायचा. त्याच्या लेखी सगळ्यांत सोपे ते हाणणारे. राखीव पोलिसांच्या कॅम्पातले जवान हॉलात यायचे. चेंडू दिसला की त्यांचा लाठीमार सुरू. त्यांना दहा पॉइंट द्यायचे, ते खूश होतात, घामाघूम होतात, आणि त्यांचा आवडता कोपरा कुठला ते सांगून बसतात. मग फक्त बॅट तिथं धरायची. त्यांचा जोर त्यांनाच परत. फिरकी देणारे जरा अवघड; त्यांना दोन पॉइंट जास्त द्यावे लागत. डावखुऱ्यांसमोर सगळं घर आरशात दिसल्यासारखं व्हायचं, पण पाच सर्व्हिस झाल्या की डोळा सरावायचा.

सगळ्यांत वाईट म्हणजे पोस्टातले म्हस्कूआप्पा. आप्पा काही करायचेच नाहीत. ना हाणत, ना फिरवत. आलेला चेंडू परत करायचे, मनीऑर्डरीसारखा, उशिरा पण हमखास. कोऱ्या पाटीवर सम्राट वाचणार काय? त्यांच्याबरोबरचा एक डाव इतका लांबला की वॉचमननं दिवा घालवून निकाल लावला.

सम्राटचा बाप खंडू रेल्वेत गँगमन. पोराचं नाव त्यानं अशोकावरून ठेवलेलं. हॉलातले टवाळ विचारायचे, "सम्राट, राज्य कुठवर आलं?" सम्राट सांगायचा, "ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत." बी.कॉम. होऊन दोन वर्षं झाली होती आणि राज्य खरोखरच तेवढंच होतं.

शिरूरला दर दिवाळीनंतर स्पर्धा भरायची. तिथं त्याला हटकून भेटायचा तो बिलाल. तिथल्याच घोडनदीच्या बाजारपेठेत बिलालच्या बापाचा मंडप-लाऊडस्पीकरचा धंदा. मंडपाचे वासे पेलून बिलालच्या खांद्यात असा जोर आलेला की त्यानं मारलेल्या चेंडूचा आधी आवाज यायचा. पक्का हाणणारा, म्हणजे सम्राटच्या हिशेबात सोपा. बिलालची एक खोड होती. चेंडू अंगावर आला की तो या बाजूनं मारू की त्या बाजूनं, हे त्याला ठरत नसे. फक्त ती अंगावरची जागा रोज बदलायची. कधी कंबर, कधी कोपर. कुठले बूट घातलेत आणि आदल्या दिवशी किती मंडप उतरवलेत, त्यावर. सम्राटला ती शोधायला दहा पॉइंट लागायचेच. सापडली की बिलाल संपला. सलग चार दिवाळ्या तो असाच संपला.

"सम्राटभाऊ, तुमच्यासंगं खेळायचं म्हंजी सासुरवाडीचं जेवण," बिलाल टॉवेलनं तोंड पुसत म्हणायचा. "आधी आग्रह करकरून वाढायचं, आन् मंग पाटावरनं उठूच द्यायचं न्हाई."

मग दोन हजार एक साली नियम बदलला. डाव एकवीसचा नाही, अकराचा. सर्व्हिस पाच नाहीत, दोनच. हॉलात ही बातमी बिलालनंच आणली.

"अकरा?" चाचा म्हणाले. "अकरात तर माझा चष्मा पुसून होत न्हाई."

"जगात सगळीकडं तसंच झालंय, चाचा."

"जगात होऊ दे. जगाला गाडी पकडायची आसंल. आपल्याला कुठं जायचंय?"

म्हस्कूआप्पांनी मान डोलावली. ते अकराच्या पक्के विरोधात होते; अकरात त्यांचा हातही गरम होत नसे. तेव्हा हॉलात ठरलं की दौंडात एकवीसच. भिंतीवर कुणीतरी खडूनं मोठ्ठा एकवीसचा आकडा काढला, आणि त्यावर सम्राटनंही एक हात फिरवून तो ठळक केला.

त्याच सुमारास एका सरकारी खात्यात खेळाडूंसाठी राखीव जागा निघाल्या. टेबल टेनिसची जागा एक. निवडचाचणी पावसाळ्यानंतर, शिरूरला. वयाच्या अटीनं सम्राटला ही पहिली आणि शेवटची संधी होती. खंडूनं जेवताना विषय काढला.

"मी तीस वरसं रूळ ठोकतोय. तू चेंडू ठोकून नोकरी मिळव, माझं काय म्हननं न्हाई. पन मिळव. न्हाई मिळाली तर रांजणगावच्या कंपनीत ठेकेदाराला मी शब्द टाकून ठिवलाय."

"मिळंल, आण्णा."

"कशावरनं?"

"शिरूरचा बिलालच काय तो तगडा हाय. आन् त्याला मी नेहमी हरवतो."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच घात झाला.

बिलालनं बिचाऱ्यानं निरोप धाडला होता, "भाऊ, हिकडं सरावाला या. आमच्याकडं सगळी अकराचंच खेळत्यात." सम्राट एका रविवारी एसटीनं शिरूरला गेलाही. बिलाल मंडपाच्या कामावर होता, म्हणून त्याची धाकटी बहीण निखत समोर उभी राहिली. अकरावीतली पोरगी. तिनं ओढणी कमरेला खोचली, पुढं आलेले केस मागं सारले, आणि सम्राट तिचा स्वभाव वाचत असतानाच डाव संपला. दुसराही तसाच. तिसऱ्याच्या आधी निखतनं अगदी अदबीनं विचारलं, "दादा, तुम्ही खेळायला कवा सुरुवात करणार?"

सम्राट हसला. संध्याकाळच्या गाडीनं दौंडला परत आला, थेट हॉलात गेला, आणि एका जवानाला एकवीस-चौदा हरवला. बरं वाटलं. ज्या औषधानं बरं वाटतं तेच माणूस घेत राहतो. त्यानंतर तो चाचणीपर्यंत शिरूरला फिरकला नाही. एकदा चाचांना म्हणाला मात्र, "चाचा, आपण दोघं तरी अकराचं खेळून बघू." चाचांनी चार डाव खेळून बघितले, चारही हरले, आणि रुसले. मोतीबिंदू झालेल्या म्हाताऱ्याला रुसवून सराव करावा, असा सम्राटचा स्वभाव नव्हता. पुन्हा एकवीस सुरू झालं.

चाचणीला बारा-पंधरा जण होते. त्यातले बरेच हौशी. सम्राट पडत-झडत का होईना, त्यांच्यातून निघाला. शेवटच्या, पाचांतले तीन डाव जिंकायच्या सामन्यासाठी पाटीवर बिलालचं नाव आलं, तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. 'निखत नाही, आप्पा नाहीत, फिरकीवाला नाही. बिलाल! सुटलो,' असं तो मनात म्हणाला. खंडू रजा टाकून आला होता, इस्त्रीचा सदरा घालून. त्याला खेळातलं काही कळत नव्हतं. फक्त पोराच्या तोंडाकडं बघायचं एवढं त्यानं ठरवलेलं होतं.

पहिल्या डावात सम्राटनं नेहमीप्रमाणं मेलला रस्ता दिला. चेंडू गोळीसारखे आले नि गेले. चार पॉइंट त्याचे झाले आणि बिलालचे अकरा. बॅट पुसायला त्यानं शर्टाचं टोक हातात धरलं, तर पंच म्हणाले, "बाजू बदला."

दुसऱ्या डावात त्यानं ठरवलं, आता द्यायचे नाहीत. पहिल्या चेंडूपासून आपणच हाणायचं. पण हाणणं हे दुसऱ्याचं काम आहे असंच त्याचा हात आजवर समजून चालला होता. तीन चेंडू जाळीत, दोन भिंतीवर, एक बघायला बसलेल्या निखतच्या मांडीवर. तिनं तो मुकाट्यानं परत दिला. हा डाव पहिल्याहून लवकर आटोपला.

तिसऱ्यात तो आपल्या जागी परत आला. बिलाल सात-दोननं पुढं होता, आणि तेवढ्यात ती जागा सापडली. आज ती उजव्या बरगडीपाशी होती. सम्राटनं पहिला चेंडू तिथं घातला. बिलालची बॅट अर्ध्यात अडकली. पुन्हा तिथंच. पुन्हा अडकली. बिलालच्या तोंडावर सासुरवाडीत जेवणाऱ्या जावयाची कळा आली. मधे दोन चेंडू बिलालनं काढले, पण सम्राट नऊ-नऊवर येऊन ठेपला. खंडू पहिल्यांदाच खुर्चीच्या पुढच्या कडेला सरकला, कारण पोराच्या तोंडावर त्याला काहीतरी दिसलं. सम्राटला आता बिलाल इतका कळला होता की पुढचे दहा चेंडू कुठं येणार हे त्यानं सांगितलं असतं.

पण लागणार होते दोनच. त्यातला एक, बिलालनं मारलेला, टेबलाच्या काठाला चाटून गेला. काठाला स्वभाव नसतो. दुसरा बिलालनं डोळे मिटून हाणला. डोळे मिटलेल्या माणसाचं काय वाचणार?

हस्तांदोलन करताना बिलालनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "भाऊ, एकवीसचा असता तर मी मेलो असतो," तो खरं तेच बोलला. सम्राट म्हणाला, "एकवीसचा न्हवता."

एसटीत खंडूनं इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या. मग म्हणाला, "शेवटाला तुला कायतरी गावलं व्हतं न्हवं?"

"गावलं व्हतं."

"मंग?"

"मंग काय. संपलं."

"उद्या ठेकेदाराकडं जाऊ," खंडू म्हणाला.

रांजणगावच्या त्या कारखान्यात बाटल्यांची झाकणं पाडायची मशिनं होती. सम्राट शिक्रापुरात चौघांच्या खोलीत राहायचा. दोघं बिहारचे, एक लातूरचा. ट्रकांच्या आवाजात सगळ्यांना एकमेकांची भाषा सारखीच कळायची. प्रत्येक मशिनाला स्वभाव असतो. ते कधी गरम होऊन झाकण चिकटवतं, कधी कुठल्या कानात तेल मागतं, हे सम्राटला हळूहळू समजत गेलं. पहिले महिने माल वाया जायचा, सुपरवायझर बोलायचा, तो ऐकून घ्यायचा. सहा-सात महिन्यांनी मशीन त्याच्या हाताखाली मांजरासारखं गुरगुरायला लागलं, आणि ठेकेदारानं ब्रेक दिला, म्हणजे घरी बसवलं. माणूस कायम होऊ नये म्हणून सगळ्यांनाच देतात. पुन्हा घेतलं ते दुसऱ्या मशिनावर. ते समजलं, तेव्हा पुन्हा ब्रेक. लातूरवाला म्हणायचा, "एवढं जीव लावून शिकतोस कशाला? ढकलायचं नुसतं." हा म्हस्कूआप्पांचा खेळ झाला, आणि तो सम्राटला कधीच जमला नव्हता.

अशाच तिसऱ्या ब्रेकमध्ये तो दौंडला आला होता. संध्याकाळी हॉलात गेला. भिंतीवरचा एकवीस पुसट झाला होता, पण लागू होता. तेवढ्यात दारात बिलाल उभा. खात्याच्या कामानं दौंडला आलेला, अंगावर खात्याचं नाव लिहिलेला ट्रॅकसूट, पोट किंचित सुटलेलं.

"जयभीम, भाऊ! गाडीला येळ हाय. म्हनलं, चाचांना भेटून जावं."

"भेटतोस काय, खेळ," चाचा म्हणाले. "पन हिकडं एकवीस हां."

खेळ सुरू झाला. पोट सुटलं तरी खांदा तोच होता. सम्राटनं पहिले दहा पॉइंट सोडून दिले. दहा-चार झाले. अकरावाही बिलालनं मारला, आणि सवयीनं बॅट टेबलावर ठेवून हात पुढं केला.

"आरं, झालं कुठं?" चाचा ओरडले. "निम्मं बी झालं न्हाई!"

बिलाल जीभ चावून हसला. मग त्यानं घड्याळ बघितलं. "गाडी लागली आसंल, चाचा. ऱ्हायलेलं पुढच्या खेपंला." सम्राटच्या खांद्यावर थाप मारून तो गेलाही.

सम्राट शर्टाचं टोक हातात धरून उभा होता. जागा त्याला नुकतीच सापडली होती. आज पुन्हा उजवी बरगडीच.

चाचांना राहवेना. ते बाकावरून उठले, चाचपडत बिलालच्या बाजूला गेले आणि बॅट उचलली. "डाव मोडायचा न्हाई. त्याच्या जागी मी. अकरा-चार. टाक."

सम्राटनं टाकला. म्हाताऱ्याच्या उजव्या बरगडीवर. दुसरा तिथंच. तिसरा तिथंच. चाचा दर वेळी हवेत बॅट मारत होते.

"आरं, बरगडीत काय घालतोयस सारखा? मी बिलाल हाय व्हय?"

"व्हय," सम्राट म्हणाला. "सध्या तुम्हीच हायसा."

चाचा चष्मा सावरून उभे राहिले. डाव संपला तेव्हा त्यांनीच मोठ्या आवाजात पुकारलं, "एकवीस-अकरा! सम्राट जिंकला!" हॉलात ऐकायला म्हस्कूआप्पा तेवढे होते, आणि त्यांना हल्ली ऐकू येत नव्हतं.