रिकामी म्हटलेली शेळी

लग्न होऊन मी जुन्नरच्या बाजारपेठेतून निमगाव सावाला आले, तेव्हा लांबून शेळी कोणती आणि मेंढी कोणती हेही मला सांगता येत नव्हतं. गावातल्याच शाळेत नोकरी लागलेली, शिकलेली सून म्हणून माझं कौतुक चालायचं आणि मला ते जरा जास्तच खरं वाटायचं. घरात खरा मान होता तो थोरल्या जाऊबाईंना. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या, आणि मान होता त्यांच्या हाताला.

शेळी गाभण आहे की नाही हे जाऊबाई नुसता हात लावून सांगत. आठवड्याला एक-दोन बायका तरी आपापली शेळी ओढत आमच्या दारात यायच्या. शेळी आदल्या संध्याकाळपासून उपाशी हवी, पाणीही पाजलेलं नको, ही त्यांची अट. शेळीचे पुढचे पाय ओट्याच्या पायरीवर ठेवायला लावून त्या मागे गुडघे टेकून बसत, दोन्ही तळवे पोटाखाली घालून पोट हलकेच वर उचलत आणि सोडून देत. मग नुसत्या थांबत. डोळे मिटलेले असायचे. त्या वेळी कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. शेवटी एकच शब्द यायचा, 'गाभण' किंवा 'रिकामी'. मी चेष्टेनं म्हणायची, आमच्या घरात सोनोग्राफीचं मशीन आहे, फक्त ते शेळ्यांनाच चालतं.

चेष्टा करत असले तरी त्या शब्दाचं वजन मला माहीत होतं. 'गाभण' म्हटलं की शेळीला भुईमुगाची पेंड सुरू व्हायची. 'रिकामी' म्हटलं आणि शेळी दूधही देत नसली, की पुढच्या बाजाराला तिची रवानगी बेल्ह्याला. भाकड शेळी तिथे कोण विकत घेतं, हे वेगळं सांगायला नको. जाऊबाई बोलायच्या एक शब्द आणि त्यावर एक जीव राहायचा किंवा जायचा. वीस वर्षं हे चाललं होतं आणि त्यांचं सांगणं चुकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

चुकलं ते आमच्याच दावणीला. जाऊबाईंची एक पांढरी शेळी होती, लांब कानांची, दुधाला उत्तम. आषाढात त्यांनी तिला स्वतः बोकडाकडे नेऊन फळवली. अडीच-तीन महिन्यांनी हात लावून म्हणाल्या, "गाभण हाये. बहुतेक दोन हायेत." मग रीतीप्रमाणे शेवटच्या दोन महिन्यांत तिचं दूध आटवलं. घरात चहा काळा व्हायला लागला आणि मी कुरकुर करू लागले. शेळीचं पोट मात्र बघण्यासारखं वाढलं. त्यातलं एक करडू निरगुडसरला दिलेल्या आपल्या लेकीला द्यायचं, हेही जाऊबाईंनी कळवून टाकलं होतं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. शेळीखालची सगळी जमीन ओलीचिंब होती, शेपटीपासून मागचे पाय भिजलेले. पोट पार उतरलेलं. करडू कुठेच नव्हतं, वारही पडलेली नव्हती. शेळी मात्र गोल गोल फिरत होती, जमीन हुंगत होती आणि व्यालेली शेळी करडाला घालते तशी बारीक आवाजात साद घालत होती. जाऊबाईंनी आधी जाळी तपासली. आमच्याकडे बिबट्याच्या भीतीनं गोठ्याला सगळीकडून तारेची जाळी असते. ती कुठेच फाटलेली नव्हती. मग त्यांनी पाला उलटा करून पाहिला, गव्हाणीत पाहिलं. त्या बाईनं करडू शोधत गव्हाणीत हात घालावा, हे मला अजून आठवतं.

लसी टोचायला आलेले सरकारी दवाखान्यातले डॉक्टर दुपारी येऊन बघून गेले. त्यांनी समजावून सांगितलं, की दुभत्या शेळ्यांत असं होतं. पिशवीत करडू धरत नाही, धरलं तरी जिरून जातं, पण शेळीचं शरीर आपण गाभण आहोत असंच धरून चालतं. माजावर येत नाही, पोट वाढतं, आत नुसतं पाणी साठतं आणि एक दिवस ते सगळं बाहेर येतं. पुन्हा ती चांगली फळेल, काळजी नको.

मी हसले. इथे कबूल करते. "जाऊबाई, दोन करडं म्हणालात, निघाली दोन घागरी पाणी," असं मी डॉक्टरांच्या देखत म्हणाले. संध्याकाळपर्यंत हे वाक्य गावभर झालं आणि पिठाच्या गिरणीत मलाच कुणीतरी परत ऐकवलं.

 जाऊबाई शेळीपाशी बसल्या होत्या. त्या पाण्यानं भिजलेला हात त्यांनी शेळीच्या तोंडापुढे धरला, तशी ती तो चाटायला लागली. अगदी करडाला चाटावं तशी, बोटांच्या बेचक्यांतून, मनगटापर्यंत. घटकाभर त्यांनी हात मागे घेतला नाही. शेळी शांत झाली, मग त्यांनी धार काढली. दूध होतं. माझं हसू तिथेच बंद झालं.

तिन्हीसांजेला त्या चुलीपुढे भाकरी थापत होत्या. अर्धी भाकरी थापून त्यांचे हात थांबले.

"मला करडूच लागलं व्हतं गं," त्या म्हणाल्या. "खोटं न्हाई सांगत. हाताला लागलं."

"अहो, पाणी हललं असेल आत."

"पाणीच व्हतं. पण मला ठाऊक व्हतं ना, ती फळलीया. मीच नेली व्हती. म्हणून हातानं बी तेच सांगितलं." मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आन् खालच्या आळीतल्या म्हातारीच्या शेळीला मी रिकामी म्हणलं. हात लावायच्या आदीच तिनं सांगितलं व्हतं, बोकड दावलाच न्हाई म्हणून. मग हात दुसरं काय सांगनार?"

ही म्हातारी एकटी राहायची. कांद्याच्या लावणीला जाऊन पोट भरायची आणि एवढी एकच शेळी बाळगून होती. शेळी आटली होती, माजावर येत नव्हती, म्हणून चारच दिवसांपूर्वी ती तिला आमच्याकडे घेऊन आली होती. जाऊबाई तिला 'रिकामी' म्हणाल्या होत्या. आणि उद्याचाच दिवस बेल्ह्याच्या बाजाराचा होता.

सकाळी आम्ही खालच्या आळीत पोचलो तेव्हा म्हातारीच्या दाराला कडी होती. शेळी जीपच्या मागच्या बाजूला घालून ती पहिल्याच खेपेला गेली होती. जाऊबाई मला म्हणाल्या, "तू चल. तुला चार मान्सांत बोलता येतं." मी शाळेत रजेचा निरोप धाडला आणि दुसऱ्या जीपला लोंबकळत दोघी निघालो.

बाजारात म्हातारी शेळीचं दावं मनगटाला गुंडाळून उभी होती. तिच्या वतीनं एक हेड्या, म्हणजे सौदा जुळवणारा दलाल, खाटकाशी बोलत होता. बोलत कसला, दोघांचे हात एका रुमालाखाली होते आणि रुमालाआड बोटं दाबून भाव चालला होता. तो चालू असताना मधे कुणी तोंड घालायचं नाही, हा तिथला कायदा आहे. मी बोलायला शब्द जुळवत होते. तोवर जाऊबाई पुढे झाल्या आणि त्यांनी तो रुमाल वरून उचलून घेतला.

आजूबाजूचे चार सौदे थांबले.

"ह्या शेळीला मी रिकामी म्हणले व्हते," जाऊबाई मोठ्यानं म्हणाल्या. "माझा हात चुकला आसंल."

खाटकानं शांतपणे विचारलं, "मावशी, चुकला आसंल का चुकलाय? गाभण हाये का ती?"

"ते मला ठाऊक न्हाई."

लोक हसले. मागून एक जण म्हणाला, "काल पाणी झालं ते ह्यांच्याच घरी व्हय राव?" बातमी आमच्या आधी बाजारात पोचली होती. खाटकानं शेळीच्या पोटाखाली हात घालून दाबलं, पुन्हा दाबलं आणि मान हलवली. "कायबी न्हाई हिच्यात."

म्हातारी तर पेटलीच. "तूच रिकामी म्हणलीस आन् आता तूच आडवी येतीस व्हय? चैतापातुर हिला पाला कोण घालनार? तुझा बा?"

"मी घालीन," जाऊबाई म्हणाल्या. "रोज आणून घालीन. आन् रिकामी निघाली, तर माझी पांढरी शेळी तुझ्या दावणीला बांधीन. इथं समदी ऐकत्यात."

चार माणसांत बोलायला म्हणून नेलेली मी, तोंडातून एक अक्षर काढू शकले नाही. वर्गात फळ्यावर माझं गणित चुकलं तर पोरांच्या आधी ओला फडका फिरवणारी मी. वीस वर्षांचं नाव भर बाजारात असं खाली ठेवणं माझ्याच्यानं जन्मात झालं नसतं. त्या दिवशी मला त्या बाईचा अभिमान वाटला, आणि आपण त्यांच्यावर हसलो होतो याची लाजही.

म्हातारी शेळी परत घेऊन आली, पण जाऊबाईंशी बोलणं तिनं टाकलं. जाऊबाई रोज शेतावरून येताना सुबाभळीचा, हादग्याचा भारा तिच्या कुंपणावरून आत टाकत आणि न थांबता पुढे येत. पौष गेला. शेळी होती तशीच दिसत होती. पांढरी शेळी आता भरपूर दूध देत होती आणि ती जाणार, असं थोरले दीर मला दोन-तीनदा तरी म्हणाले. बायकोला म्हणायची त्यांची छाती नव्हती.

मी एकदा जाऊबाईंना म्हणाले, "एवढे दिवस झाले, आता लावून तर बघा हात."

"न्हाई," त्या म्हणाल्या. "आता मला वाटतंय ती गाभण आसावी. हात तसंच सांगंल."

 स्वतःच्या हुशारीपासून इतकं सावध राहणारं माणूस मी शिकलेल्यांतही फारसं पाहिलेलं नाही.

माघात शेळीचं पोट दिसायला लागलं आणि कासही उतरली. तरी जाऊबाईंचा जीव भांड्यात पडेना, कारण पोट आणि कास दाखवून एका शेळीनं त्यांना नुकतंच फसवलं होतं. बाकी गावाला मात्र दुसराच प्रश्न पडला, हिला बोकड भेटला कधी? म्हातारी शपथेवर सांगत होती, भेटला नाही. आणि तो तर रोज गावात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हिंडत होता. वरच्या वस्तीवरच्या एका घरानं देवीला बोललेला, यात्रेपर्यंत मोकळा सोडलेला तांबडा बोकड. आमच्याकडे देवाच्या बोकडाला कुणी हाकलत नाही, बांधत नाही, तो कुणाच्याही अंगणात शिरून खातो. आणि एकदा देवाचा झाला म्हणजे तो शेरडांच्या वाटेला जात नाही, असं सगळे धरून चालतात. त्याच्याबद्दल तसलं बोलणंसुद्धा वाईट समजतात. म्हातारीच्या दारात तो कोजागिरीच्या सुमारास दोन दिवस मुक्कामाला होता. तिनं त्याला भाकरी घातली होती, पायाला हात लावून नमस्कार केला होता आणि आपण कांद्याला निघून गेली होती.

होळीच्या आदल्या दिवशी शेळी व्याली. दोन पाटी, म्हणजे मादी करडं, दोन्ही तांबड्या.

संध्याकाळी म्हातारी आमच्या दारात आली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. हातात झाकलेला तांब्या होता, पहिल्या धारेचा चीक. तो तिनं ओट्यावर ठेवला आणि जाऊबाईंचे दोन्ही हात धरून आपल्या डोळ्यांना लावले.  ती गेल्यावर मी आनंदानं वळून बघितलं, तर जाऊबाई रडत होत्या. पाण्याच्या दिवशी रडल्या नाहीत, बाजारात लोक हसले तेव्हा रडल्या नाहीत, आणि आता पदर तोंडात धरून हमसून रडत होत्या. मला वाटलं, सुटल्यासारखं झालं असेल.

"अहो, आता कशाला रडता? जिंकलात की तुम्ही."

त्यांनी मान हलवली. "ही वाचली गं. पण वीस वर्सं मी बायांना आदी इचारत आले, बोकड दावला का म्हणून. न्हाई म्हणली, की हात लावायचा आन् रिकामी म्हणायचं. किती जणी गेल्या आसतील त्या बाजारात? त्यातल्या कितींच्या पोटात..."

  मी त्यांच्याशेजारी ओट्यावर बसून राहिले.

बायका शेळ्या घेऊन येतच राहिल्या, उलट पहिल्यापेक्षा जास्तच आल्या. जाऊबाई आता कुणाला काही सांगू देत नसत, आधी हात लावत आणि मगच विचारत. हाताला करडू लागलं तर तसं सांगत, आणि पुढे म्हणत, "मला आसं वाटतंय, चूक बी आसंल." नाही लागलं तर म्हणत, "अजून दोन महिने थांब बाय, पाला नसंल तर माझ्याकडून ने." मी त्यांच्याजवळ आणखी बारा वर्षं राहिले. 'रिकामी' हा शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकला नाही.