मावशींचा चुडा आणि आमचं मेणाचं भांडं

आमच्या गाडीच्या डिकीत कायम काहीतरी साचलेलं असतं. कोणी भुईमुगाच्या शेंगा देतं, कोणी कवठं, कोणी घरचं लोणचं. पेशंटच्या घरून रिकाम्या हातानं निघालोय असं फार कमी वेळा झालं. शेंगा संपतात, किस्से तेवढे उरतात. मला चारचौघांत बोलायची लाज वाटते, म्हणून ते लिहून मोकळा होतो.

शाळा अर्धवट सुटल्यावर मी ड्रायव्हिंग शिकलो आणि मॅडमच्या गाडीवर लागलो. मॅडम फिजिओथेरपिस्ट. ज्यांना दवाखान्यात येणं होत नाही त्यांच्या घरी जाऊन व्यायाम घेतात. आमचे बहुतेक पेशंट आमवाताचे. गाडी चालवणं, शेक द्यायचं मेणाचं भांडं उचलणं आणि दवाखान्यातल्या सरांच्या, म्हणजे मॅडमच्या मिस्टरांच्या, फोटोचा हार बदलणं, ही माझी कामं.

*

जिंतूरला एक काकू आहेत. बोटांत जोर यावा म्हणून मॅडमनी त्यांना मऊ बॉल दिला होता. रोज सकाळ-संध्याकाळ दाबायचा.

पुढच्या खेपेला मॅडमनी विचारलं, "काकू, बॉल दाबता ना?"

काकू काही बोलायच्या आत काका पुढं सरसावले. "एक दिस खाडा न्हाई मॅडम! हिला सैपाकातून सवड कुठली? म्हणून मीच दाबायलोय."

मॅडम बघतच राहिल्या. "तुम्ही?"

"मंग! घरातलं कोनी बी केलं म्हंजे झालं की!"

काका उपवासही काकूंच्या वाटचे धरतात म्हणे, त्यामुळं त्यांच्या हिशेबानं यात काही चुकलं नव्हतं.

मॅडमनी विचारलं, "मग गोळ्या पण तुम्हीच घेता का?"

काका म्हणाले, "छ्या! त्या लय कडू हायत. त्या तिच्या तिलाच."

*

देवगाव फाट्यापासून आत एका गावात गयामावशी राहतात. जातीनं आणि धंद्यानं कासारीण. डोक्यावर बांगड्यांचं ओझं घेऊन त्यांनी सगळा मुलूख पालथा घातलाय. त्या भागातल्या कितीतरी नवरी मुलींचा चुडा त्यांनीच भरला. आता मात्र बोटं सुजलेली, वाकडी झालेली. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा.

पहिल्या दिवशी मॅडमनी त्यांना समजावून सांगितलं, "मावशी, आपल्या अंगात पोलीस असतात, बाहेरच्या रोगाला पकडायला. या आजारात ते घरच्याच माणसाला धरून मारतात. तुमच्या सांध्यांना."

मावशींनी विचारलं, "मंग जामीन कोन देनार?"

"डॉक्टरांच्या गोळ्या. चुकवायच्या नाहीत. आणि माझा व्यायाम."

मावशी म्हणाल्या, "मला बरं नका करू. माज्या पूजाचं लगीन ठरायलंय. नातीचा चुडा मी भरला पायजे. जलमभर दुनियेच्या लेकीचे हात भरले, आन घरच्या पोरीसाठी दुसरी कासारीन बोलवू? तेवढं एक करून द्या."

कासारणीची नजर माणसाच्या आधी मनगटावर जाते. मावशींनी मॅडमचा हात धरून बघितला. "मोकळाच कामून?"

"काम करताना अडचण होते," मॅडम म्हणाल्या.

मावशींनी तो हात हळूच खाली ठेवला. मी मेणाच्या भांड्याचं बटण बघत बसलो.

*

एक ताई दरवर्षी ऊसतोडीला जायच्या. बोटं दुखायला लागली आणि घरी राहिल्या. खुरपं मुठीत धरवत नव्हतं. मॅडमनी सांगितल्यावर मी खुरप्याच्या मुठीला जुनी सायकलची ट्यूब गुंडाळून ती जाड केली. जाड मूठ धरायला बोटं कमी आवळावी लागतात. मग उलथनं झालं, विळी झाली.

पुढच्या वेळी गेलो तर अंगणात रांग! कुणाचं खुरपं, कुणाची कुऱ्हाड. "आमच्या बी मुठीला बांधा."

शेवटी एक आजोबा तंबाखूची डबी घेऊन आले.

मी म्हणालो, "आजोबा, हिला कुठं मूठ आहे?"

"मूठ न्हाई रे, झाकन उघडना गेलंय. सकाळच्या पारी तर बोटंच वळत न्हाईत."

सगळे हसले. मॅडमनी त्यांची बोटं हातात घेऊन बघितली आणि मला म्हणाल्या, "डिकीतलं भांडं आण."

*

मावशींचे हात हळूहळू सैल होत होते. सांधा गरम लागला की मॅडम मेण लावायच्या नाहीत, फक्त आराम. बाकीच्या दिवशी कोमट मेणात हात बुडवायचा, मेणाचा हातमोजा चढतो, तो काढायचा आणि व्यायाम.

मग मावशी म्हणाल्या, "आता बांगडीच भरून बघते."

पण हात कोणाचा? घरातली एकही बाई हात देईना. सरावात बांगडी फुटली तर मनाला लागतं. मावशींनी माझ्याकडं बघितलं. "गजू, ये हिकडं. गड्याच्या हातात फुटली तर नुसती काच फुटती."

मी लाजेनं लाल झालो. मूठ आपोआप आवळली गेली.

"घट्ट कामून धरलास? हात माज्याकडं दे, आन तू तिकडं बघ," मावशी म्हणाल्या. मी गोठ्याकडं बघितलं. तेवढ्यात बांगडी मनगटात!

काही फुटल्या, दोन हिरव्यागार बसल्या. त्या निघेनात आणि पुढचा पेशंट वाट बघत होता, म्हणून तसाच निघालो. फाट्यावर चहा घ्यायला हात पुढं केला तर चहावाला म्हणाला, "गजू, सासर कुठलं मिळालं रे?"

मॅडमना हसताना ठसका लागला. इतकं हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मग साबण लावून त्यांनीच बांगड्या काढल्या. टाकून मात्र दिल्या नाहीत, गाडीत समोर ठेवल्या. खड्डा आला की वाजायच्या.

तेव्हापासून कुठलाही पेशंट अंग आखडून बसला की मॅडम म्हणतात, "हात माझ्याकडं द्या, आणि तुम्ही तिकडं बघा."

*

येलदरीच्या वीजघरातून रिटायर झालेले एक काका आहेत. गुडघे सुजले असतील तर त्या दिवशी व्यायाम बंद, असं मॅडमनी सांगितलं. काकांना पटलं. "म्हंजे मेंटेनन्स!"

दुसऱ्या खेपेला त्यांच्या खाटेला लाल अक्षरात पाटी टांगलेली: 'शटडाऊन'. पाटी लागली की काका पाण्याचा तांब्याही उचलत नाहीत.

त्याच्या पुढच्या खेपेला काका अंगणात उपाशी बसलेले. "आज पाटी कुठं आहे?" मॅडमनी विचारलं.

काका म्हणाले, "हिनं नेली. गॅसवर टांगलीय."

*

पूजाच्या हळदीच्या आदल्या दिवशी मावशींचा मुलगा फोनवर सहज बोलून गेला, "चुडा सकाळीच हाय मॅडम, उन्हं यायच्या आत."

मॅडमनी कपाळाला हात लावला. आमची त्या गावची खेप कायम दुपारची. सगळा सराव दुपारचा! आणि आमवाताचे हात सकाळी लाकडासारखे असतात. मावशींची बोटं मोकळी व्हायला ऊन वर यावं लागतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच पोचलो. मावशी ओट्यावर हात मांडीत घेऊन बसल्या होत्या. "वळनात वो बाई," एवढंच म्हणाल्या. त्यात गावची लाईट गेलेली. मी आचाऱ्याच्या चुलीवर पाण्याच्या पातेल्यात विजेच्या भांड्यातला मेणाचा डबा ठेवला आणि मावशींना आणायला वळलो.

मागून आचारी ओरडला, "हे कसलं वनस्पती तूप आनलंस रे? पुरी फुगना, उलट तिनं स्वेटर घातलं!"

मेणातली पुरी काढली. मॅडमनी मेण स्वतःच्या मनगटावर टाकून बघितलं आणि मग मावशींचे हात त्यात. हातमोजा चढला, सोलला, पुन्हा चढवला. मंडपात बाया चुळबुळायला लागल्या. "दुसरी कासारीन बोलवा की," कोणीतरी म्हणालंच. मॅडम एकेक बोट उघडत-मिटत होत्या. त्यांनी बजावलं, "फक्त नवरीचा हात, मावशी. दुसऱ्या कुणाचा नाही."

मावशी चटईवर बसल्या. पूजाची मूठ भीतीनं आवळलेली. "हात माज्याकडं दे, आन तू तिकडं बघ." एक बांगडी गेली. दुसरी गेली. मग जात राहिल्या. एकही फुटली नाही. पूजा रडायला लागली, मावशी नाही.

बायांनी हात पुढं केले. "न्हाई गं, मॅडमची ऑर्डर हाय," मावशींनी सगळ्यांना परतवलं. मग मॅडमना म्हणाल्या, "बसा."

"मावशी, नवरी सोडून दुसरा हात नाही असं ठरलंय आपलं."

"ठरलं तवा मला कुठं ठावं हुतं, हात चालतील का न्हाई. आता चालायलेत."

मंडपातल्या बायांनी एकमेकींकडं बघितलं. मावशींनी बांगड्यांच्या माळेतून हिरव्या निवडल्या आणि मॅडमचं मनगट धरलं.

"हात माज्याकडं दे, लेकी. आन तू तिकडं बघ."

मॅडम आचाऱ्याच्या चुलीकडं बघत राहिल्या.