आपल्याच माणसाला लागलेल्या गोळ्या

शहाण्णव सालच्या जूनमध्ये मी कुंडल सोडलं, त्या दिवशी सांगलीची एसटी वीस मिनिटं उशिरा आली. वेळेवर आली असती तर बरं झालं असतं. त्या वीस मिनिटांत स्टँडवरच्या प्रत्येक माणसानं मला विचारलं, "कुठं निघालास रं?" आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला ते आधीच ठाऊक होतं. पायाशी पत्र्याची ट्रंक, शेजारी आई. माझे वडील, आबा, आले नव्हते. गाडी दिसल्यावर आईनं माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाली, "राग हितंच ठिवून जा. तिकडं त्याला कोण वळखत न्हाई."

मी राग बरोबर घेऊन गेलो. ट्रंकेत जागा नव्हती, तरी नेला.

कुंडल ते सांगलीतलं विश्रामबाग म्हणजे एका एसटीचं अंतर. माझ्या वर्गातली काही मंडळी आज दुबईत आहेत, एक जण अमेरिकेत आहे. त्यांना माझं जाणं हे जाणंच वाटणार नाही. पण त्यांनी एक लक्षात घ्यावं. ते दर दोन वर्षांनी विमानानं घरी येत होते, आणि मी तासा-दीड तासावर असून तीन वर्षं घरचा उंबरा ओलांडला नव्हता. गावात राहिलेल्यांनी याचे बरेच अर्थ लावले. खरा अर्थ आज लिहितो.

आमचं उसाचं रान. थोरला भाऊ फौजेत हवालदार, त्याला मी दादा म्हणतो. तो नोकरीवर, म्हणून रान मी बघायचं असं ठरलेलं होतं, आणि मी ते बघत होतो, चांगलं बघत होतो. बियाण्यापासून ट्रॅक्टरच्या भाड्यापर्यंत माझ्याशी घासाघीस करून कुणी हसत परत गेलेला नाही. दोष एकच, डोकं. एकदा माझ्या पाण्याच्या पाळीत भावकीतल्या एकानं पाट स्वतःच्या रानात वळवला. मी खोरं उगारलं. मारलं नाही, उगारलं. दादा तेव्हा रजेवर होता. संध्याकाळी भावकीची दहा-बारा माणसं आमच्या कट्ट्यावर जमली, आणि त्या सगळ्यांसमोर दादा आबांना म्हणाला, "ह्याला रानात ठिवू नगा. ह्यो एक दिवस कुणाचा तरी जीव घील."

आबा तंबाखू मळत गप्प बसले. आठवड्याभरात रान चुलतभावाला वाट्यानं दिलं गेलं. परक्यानं घातलेला घाव मला चालतो, त्याला उत्तर देता येतं. हा आपल्याच बाजूनं आला होता.

मी आईच्या हाती अट पाठवली. जिथं बोललास, ज्यांच्यासमोर बोललास, तिथंच उभा राहून शब्द मागं घे. तोवर मी घरात पाऊल टाकणार नाही. उत्तर आलं नाही. मीही अट खाली उतरवली नाही. सौद्यात जो आधी बोलतो तो उतरतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

विश्रामबागेत मी आधी एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात लागलो. स्क्रू काढायला शिकलो, मग केबल, मग हार्ड डिस्क. इंग्रजी यायचं नाही. पण बंद पडलेलं यंत्र कुठल्याच भाषेत बोलत नसतं, त्यामुळं आमचं जमलं. दोन वर्षांनी एका ऑफिसातून मोडीत निघालेले नऊ कॉम्प्युटर मी अशी काही घासाघीस करून घेतले की देणाऱ्यानं नंतर मला नमस्कार करणं सोडलं. नवांतून सहा चालते केले आणि कॉलेजमागं एक गाळा धरला. सकाळी टायपिंगचे क्लास. दुपारी मात्र इंजिनिअरिंगची पोरं यायची, सहाही मशीन केबलनं एकमेकांना जोडून तिघं विरुद्ध तिघं लढाई खेळायची.

त्यांचा म्होरक्या मंदार, साताऱ्याचा, शेवटच्या वर्षाला. पुण्याला असले खेळ फोनच्या तारेवरून गावोगावच्या लोकांशी खेळतात, असं तो सांगायचा. आमच्याकडं ती तार मिनिटा-मिनिटाला तुटायची, म्हणून लढाई गाळ्यातल्या गाळ्यात. त्या खेळात एक सोय होती. एका खुणेवर टिचकी मारली की आपली गोळी आपल्या माणसाला लागत नसे. मंदार ती खूण कधी लावू द्यायचा नाही. "मग मजा काय, मालक? नीट बघून मारायचं की."

एखादं पोरगं कमी पडलं की मला बसवायचे. पहिल्या आठवड्यात मी शत्रूपेक्षा आपलीच माणसं जास्त मारली. मंदार दारातून आत आला, मार. जिन्यावर कुणी हललं, मार. बाँब तर मी टाकला की आधी आमचेच पळायचे.

"मालक, तुम्ही नक्की कुणाकडून खेळताय?" मंदार विचारायचा.

दुसरा म्हणायचा, "मालकांना त्यांच्यात घाला. आपण बसल्या जागी जिंकू."

एकदा माझं डोकं फिरलं आणि मी मेन स्विचच खाली पाडला. सहाही पडदे काळे. पोरं हसत बाहेर गेली आणि मी अंधाऱ्या गाळ्यात भर दुपारी एकटा बसलो. तेव्हा मला माझी चूक कुठून येते ते कळलं.

उसात रानडुक्कर शिरलं की आम्ही दहा-पंधरा जण काठ्या-भाले घेऊन आत शिरायचो. ऊस डोक्याच्या वर, हातभर लांबचं दिसत नाही. म्हणून प्रत्येकानं सारखी हाळी द्यायची. "मी हाय रं डाव्या अंगाला," "मी बांधाला हाय." जो बोलतो तो माणूस. जे हलतं आणि बोलत नाही ते डुक्कर, त्याच्यावर भाला टाकायचा. आठव्या-नवव्या वर्षापासून हे अंगात मुरलेलं. शहरातली पोरं मात्र तोंड मिटून खेळायची. गप्प राहून माझ्यासमोर यायची, आणि माझं बोट त्यांना डुक्कर समजायचं.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्यानं सांगितलं, आत येताना हाळी द्या. मी स्वतःच सुरुवात केली. "जिन्यानं येतोय रं." मंदारनं कपाळाला हात लावला. सहा जण एकाच खोलीत. माझी हाळी शत्रूलाही ऐकू गेली आणि तो जिन्याखाली वाट बघत बसला होता.

नव्याण्णवच्या दिवाळीनंतर एका दुपारी दादा गाळ्याच्या दारात उभा राहिला. तीन वर्षांनी. कानशिलाजवळचे केस पांढरे झाले होते. पायताण बाहेर काढून आत आला, जणू देवळात आलाय. मी टायपिंगच्या स्टुलाकडं बोट केलं. पोरं खेळत होती, तरी तो सरळ मुद्द्यावर आला.

"रजा संपत आली. चार दिस ऱ्हायल्यात. म्होरल्या साली पेन्शन घिऊन कायमचा येतोय. तवा घरात तू यीत-जात पायजेस, इलास." गावाकडं मला इलासच म्हणतात.

"अट माहीत आहे ना?"

"हाय."

"मग?"

तो गप्प बसला. मला ते गप्प बसणं ओळखीचं होतं. हाच माणूस चार दिवसांनी निघून जाईल आणि अजून एक वर्ष असंच जाईल, हे दिसत होतं. मी मुद्दाम स्क्रू मोजायला घेतले.

तेवढ्यात आमच्या बाजूचं एक पोरगं प्रॅक्टिकलला पळालं, आणि एक तर आधीच कमी होतं. मंदारनं दादाकडं बघितलं. "काका, बसता का? मालकही बसतायत." मी नाही म्हणायच्या आत दादा बसला होता. माऊसवर हात ठेवून त्यानं विचारलं, "ह्याचा घोडा कुठं हाय?" पोरं खूश झाली. कुणीतरी त्याला डावं बटण दाखवलं.

पहिल्या डावात दादा कडेनं हळूहळू एका दारात आला आणि मी त्याला गोळी घातली. दुसऱ्या डावात तो माझ्या पुढून गेला आणि मी पुन्हा गोळी घातली. दोन्ही डावांत त्यानं स्वतः एकही झाडली नव्हती. मंदार हसला. "काका, आमच्याकडं अशीच पद्धत आहे."

दादा हसला नाही. खुर्ची माझ्याकडं वळवून त्यानं विचारलं, "दारात कोण हुतं?"

"हललं काहीतरी."

"हलतं ते समदं डुक्कर न्हवं."

"बोललं नाही ते. गप्प होतं."

"आरं, आमच्या फौजेत गप्प असतो तो बहुतेक आपलाच असतो," दादा म्हणाला. "तुला बगून तो निर्धास्त आसतो, म्हणून बोलत न्हाई."

मग त्यानं खेळ थांबवला आणि मंदारला अन् मला खुर्च्यांमधून उठवून गाळ्याच्या मोकळ्या जागेत उभं केलं. समोरची पोरं गंमत बघत बसली. पुढं कोण जाणार ते आधी ठरवलं. डावी बाजू कुणाची, उजवी कुणाची. आपली बाजू सोडून दुसऱ्याच्या बाजूला बंदूक फिरवायची नाही, कितीही मोह झाला तरी. पुढच्याच्या समोरून आडवं पळायचं नाही. बाँब टाकायच्या आधी शेजाऱ्याला नुसतं ढोपर लावायचं, ओरडायचं नाही. मला मात्र वेगळं सांगितलं. "तुज्या म्होरं आपला माणूस हाय तवर नळी खाली. न्याम चुकत न्हाई तुजा. म्होरं कोण हाय ते तू बगत न्हाईस."

पुढचे तीन डाव आम्ही हरलो. पण मंदार खुर्चीवर मागं रेलून म्हणाला, "मालक, आज पहिल्यांदा मला शत्रूनं मारलं. बरं वाटलं."

पोरं कॉलेजला गेली. सहा मशीनच्या पंख्यांची घरघर तेवढी राहिली. मी दादाकडं न बघता बोललो. मघापर्यंत त्याच्याशी गावाकडचं बोलणं टाळत होतो, पण हे त्याच बोलीत आलं. "कट्ट्यावर बोललास तवा तुज्या म्होरं कोण हुतं ते तू बगितलं न्हाईस दादा. मी हुतो."

तो गप्प झाला. एरवी मी तिथंच भडकलो असतो. गप्प बसला म्हणजे नाकारलं, हा माझा जुना हिशेब. त्या दिवशी मात्र थांबलो. नळी खाली धरणं कठीण असतं. तोंड खाली धरणं त्याहून कठीण.

मग तो म्हणाला, "जे बोललो ते खरं हुतं. ते मी मागं घ्यायचो न्हाई. खोरं बसलं आसतं तर तू जेलात आन मी सरहद्दीवर. आईआबांकडं कुणी बगायचं? म्या भ्यालो हुतो रं. पर तुला आदी सांगाय पायजे हुतं. घरात, दार लावून, तुला एकट्याला. धा माणसांत बोललो, ती माजी चूक. तेवढी माजी."

ही माझी अट नव्हती. मी पूर्ण मागितलं होतं आणि समोरच्यानं निम्मं टेकवलं होतं. असं झालं की माझा एक हमखास डाव असतो: उठायचं, चपला घालायच्या, दारापर्यंत चालत जायचं. माघारी हाक येतेच. पण गाळा माझाच होता, उठून जायचं कुठं? आणि दादानं आयुष्यात 'भ्यालो' हा शब्द माझ्यासमोर पहिल्यांदा उच्चारला होता. त्याच्यापुढं घासाघीस करायला माझी जीभ उचलली नाही.

"चा घेणार?" मी विचारलं.

"घीन की."

दुसऱ्या दिवशी गाळ्याला कुलूप लावून मी त्याच्याबरोबर कुंडलला गेलो. आईनं ताट वाढलं. आबा सोप्यात बसले होते. माझ्याकडं बघितलं, बोलले नाहीत. नुसते बाजेवर थोडे सरकले, मला बसायला जागा झाली. तीन वर्षं मी त्या गप्प माणसाला पलीकडच्या बाजूचा समजत आलो होतो. त्यांच्या शेजारी बसलो आणि माझे डोळे भरले. ते लपवायला मी उसाचा भाव विचारला.

रान चुलतभावाकडंच राहिलं. पेन्शनीवर आल्यावर दादानं ते परत घेतलं आणि आता तोच करतो. मी परत गेलो नाही. विश्रामबागेत माझा धंदा वाढला, स्वतःचं घर झालं. माझी मुलं 'हाय' आणि 'न्हाई'ला हसतात, मग मी त्यांच्यावर ओरडतो. आबा आता नाहीत. कट्ट्यावर बोललेले शब्द दादानं अजून मागं घेतलेले नाहीत, आणि उरलेल्या निम्म्यावरचा हक्क मीही सोडलेला नाही. भावकीतली ती माणसं हळूहळू कमी होत चाललीत, हे मात्र मी बघून ठेवलंय.

गावाकडची मंडळी विचारतात, इतकी वर्षं झाली, घराची ओढ वाटत नाही का? बाहेर पडलेल्यांनाही हेच सगळे विचारत असतील. माझं उत्तर असं आहे. गेल्या महिन्यात मी दुकानातल्या माणसाला गिऱ्हाइकांसमोर वाटेल तसं बोललो. ते कुणीतरी दादाच्या कानावर घातलं. चौथ्या दिवशी दादा सकाळच्या एसटीनं आला. पायताण बाहेर काढलं, चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "इलास, दार लाव."

मी उठलो आणि दार लावलं. पुढचा अर्धा तास त्यानं मला जे सुनावलं ते माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. मी एका शब्दानं उत्तर दिलं नाही. घर मला आता असंच भेटतं. एसटीनं येतं, चहा पितं, आणि आपल्याला लागेल असं काही बोलायचं असलं की आधी दार लावायला सांगतं.