इनासकाकांचा संशय

इनासकाका गेल्याची बातमी मला निलेशनं दिली, आणि खरं सांगायचं तर दुःखाच्या आधी माझ्या मनात आलं ते हे, की याला कशी कळली? निलेश माझा आतेभाऊ. गेली काही वर्षं आमचं बोलणं बंद होतं, आणि ते बंद पडायला कारण इनासकाकाच होते. "काका गेले. पहाटे. संध्याकाळी चर्चमध्ये आणणार आहेत, ये," एवढंच तो फोनवर म्हणाला. दफनाच्या वेळी बघते तर खांदा द्यायला हा पुढे. मी आणि आई मागच्या बायकांत उभ्या होतो. आई पदराआडून पुटपुटली, "हा कशाला पुढे पुढे करतो? काकांची वाडी बघून ठेवली असंल यानं." मलाही तेच वाटलं होतं. आगाशीत रस्त्याला लागून केळीची वाडी, तिच्यात बैठं घर आणि घरात आता एकटी मार्थाकाकू... निलेशसारख्या जागांचे व्यवहार करणाऱ्या माणसाला आणखी काय हवं असतं? अशा वेळी असा विचार येणं बरं नव्हे. पण तो करायची सवय मला ज्यांनी लावली, तेच त्या पेटीत होते.

आम्ही मूळचे आगाशीचेच. आई बाजारात भाजी घेऊन बसायची, वडील गोखिवऱ्याला एका कारखान्यात होते. इनासकाका आमच्या नात्यातले नव्हेत, बाजारातल्या ओळखीचे; तेव्हा ते एका पतपेढीचे पिग्मी एजंट होते. रोज संध्याकाळी सायकलवरून बाजारात यायचे, एकेका टोपलीपुढे थांबायचे, बायका कनवटीचे दहा-वीस रुपये काढून द्यायच्या आणि काका पुस्तकात मांडायचे. बँकेची पायरी चढायला बुजणाऱ्या बायकांची तीच बँक. मग पतपेढी बुडाली. वरच्या लोकांनी कर्जं कोणाला वाटली ते बाजाराला शेवटपर्यंत कळलं नाही, बाजाराला तोंड ओळखीचं होतं ते सायकलवरचं. आपलेही पैसे त्यातच गेले, असं काका सांगायचे. निम्म्या बाजाराला ते खरं वाटायचं, निम्म्याला नाही. माझ्या आईचं तर रोज बदलायचं.

पुढे आम्ही आचोळ्याला भाड्याच्या खोलीत आलो. मी आगाशीच्या मराठी शाळेतून शिकून बीकॉम झाले, आमच्या घरातली पहिली पदवीधर, आणि वसईत एका लॅबच्या हिशेब विभागात मला नोकरी लागली. पहिला पगार झाला त्या रविवारी काका न बोलावता दारात उभे. आई आतून त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "आला परत. पोरीचा पगार झाला नि याला वास लागला. पानी दे नि वाटेला लाव." काका चप्पल काढता काढता म्हणाले, "बरोबर आहे तुझं, शेवंते. तेव्हाच घेतला असतास संशय तर बरं झालं असतं."

त्या दिवशी आणि नंतरच्या किती तरी रविवारी त्यांनी मला जे सांगितलं, ते कॉलेजच्या पुस्तकांत नव्हतं असं मी म्हणणार नाही. असेलही. पण ते माझ्या पगाराचं आहे, हे मला काकांमुळे कळलं. महिन्याच्या शेवटी उरेल ते टाकू असं म्हणायचं नाही, पगार जमा होईल त्याच दिवशी आवर्ती ठेवीचा हप्ता परस्पर कापला गेला पाहिजे. नोकरी सुटली तरी काही महिने घर चालेल एवढी रक्कम वेगळ्या खात्यात, आणि त्या खात्याचं कार्ड घ्यायचंच नाही. सोन्याच्या आधी आईवडिलांचा आरोग्य विमा. विमा आणि बचत एकाच पॉलिसीत घालून देतो म्हणणाऱ्याकडे नीट बघायचं. जामीन म्हणून सही कोणालाच नाही, अगदी मलाही नाही, असं ते हसून म्हणायचे. माझ्या बरोबरीच्या मुली हप्त्यावर फोन घेत होत्या तेव्हा मी माझ्या पासबुकाकडे बघून खूश व्हायचे. त्यात कंटाळाही होता, नाही असं नाही.

पण काकांचा खरा विषय पैसा नव्हता, भीड होता. आपल्याकडची पोरं पैशानं बुडत नाहीत, भिडेनं बुडतात, असं त्यांचं म्हणणं. पॉलिसी विकायला येतो तो मामा असतो, स्कीम सांगायला येते ती शेजारची काकू असते, मग कसं विचारायचं? म्हणून त्यांनी मला एक प्रश्न पाठ करायला लावला होता : यात तुझं काय? समोर कोणीही असो, विचारायचंच. एकदा मी त्यांनाच विचारला. काकांनी हातातलं माझं पासबुक मिटलं. मग म्हणाले, "बाजारात एकीनंही मला कधी विचारलं नाही, इनास, यात तुला काय मिळतं म्हणून. भिडेखातर. आणि मी वर साहेबांना विचारलं नाही..." पुढचं ते बोलले नाहीत.

हाच प्रश्न आमच्या घरात फुटला तो निलेशच्या वेळी. तो आचोळ्याला एका बिल्डरकडे फ्लॅटच्या बुकिंगचं काम करायचा. माझ्याकडे थोडे पैसे जमलेत हे कळल्यावर आत्या पेढे घेऊनच आली. नवी इमारत, तिसरा मजला, भाव घरचा. वडिलांचे डोळे भरून आले, कारण आपल्या नावाची पाटी दारावर लागावी एवढीच त्यांची इच्छा होती. निलेशनं शेजारच्या विंगची घरपट्टीची पावती दाखवली, विजेचं बिल दाखवलं. पालिका घरपट्टी घेते म्हणजे इमारत पक्की, असं आमच्याकडे सगळेच धरून चालतात. मीही चालले होते. तरी काकांना बोलावून घेतलं.

काकांनी चष्मा लावला आणि ओळीखाली बोट धरून सगळं वाचलं. घरपट्टी बिनपरवाना बांधकामालाही लागते, म्हणाले. मग बांधकामाची परवानगी मागितली, रेराचा नंबर मागितला, जमीन कोणाची ते विचारलं, आणि करार नोंदणी करून होणार की नुसता नोटरीवर तेही विचारलं. निलेश प्रत्येक प्रश्नाला "होईल, सगळं होईल" म्हणत होता. शेवटी काका म्हणाले, "आणि बाळा, यात तुझं काय?" निलेशचा चेहरा उतरला. आत्या ताडकन उठली. "म्हणजे माझा पोरगा चोर, असं म्हणायचंय तुम्हाला? आणि कोणी म्हणावं, तर तुम्ही?"

"चोर आहे की नाही मला ठाऊक नाही," काका म्हणाले, "आणि तुम्हालाही नाही."

पेढ्यांचा पुडा तसाच राहिला. मी बुकिंग केलं नाही. आत्याचं येणं थांबलं, निलेशच्या लग्नाची पत्रिका आम्हाला आली नाही, आणि आपल्या बहिणीशी बोलणं तुटलेले माझे वडील संध्याकाळी नुसते दारात बसून राहू लागले. त्यात ती इमारत उभी राहिली. लोक राहायला आले, गॅलऱ्यांत कपडे वाळू लागले, दिवाळीत आकाशकंदील लागले. आई जाता येता दाखवायची, "दिवे लागले बघ. तो तिसरा मजला आपला होता." तेव्हा मला प्रश्न पडायचा, की काका बरोबर होते की पतपेढीचा चटका बसल्यापासून त्यांना सगळीकडेच आग दिसते? एका संशयापायी मी माझं घर आणि वडिलांची बहीण, दोन्ही घालवलं की काय? काकांना हे कधी विचारलं तर ते म्हणायचे, "असंल. माझंही चुकत असंल. तू बघ."

काका गेल्यानंतर महिन्याच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, मी गेले ती हाच प्रश्न घेऊन. मिस्सा झाल्यावर मार्थाकाकूनं घरी थांबवून घेतलं. ओटीवर निलेश आधीच बसलेला, सराईतासारखा. मी उभ्या उभ्याच विचारलं, तुझं इथं काय काम असतं?

तो रागावला नाही. म्हणाला, "त्या इमारतीत मीही घर घेतलंय, ताई. आईचे दागिने मोडून. तुला दाखवलं त्याच्या खालचाच मजला. मला जे सांगितलं होतं बिल्डरनं तेच मी तुला सांगत होतो." बांधकाम बिनपरवाना म्हणून इमारतीला पालिकेची नोटीस आली, बिल्डर फोन उचलेना, तेव्हा रहिवाशांनी निलेशलाच धरलं, कारण त्यांच्या ओळखीचं तोंड तेवढं एकच होतं. कुठं जावं कळेना म्हणून तो काकांच्या दारात आला. काकांनी त्याला आत घेतलं. वर्षभर दोघं एकेका घराचे कागद वाचत, अर्ज लिहीत या ओटीवर बसले होते.

म्हणजे काका इमारतीबद्दल बरोबर होते, आणि निलेशबद्दल चुकले होते. मला हे आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं तेव्हा निलेशनं मार्थाकाकूकडे पाहिलं. काकू म्हणाली, "मी सांगत व्हते त्यांना, पोरीला कळू दे, तिच्या मनातला काटा जाईल. तर म्हनाले, नको. तिला कळलं तर ती माझ्यावर विश्वास ठेवील. विश्वास ठेवला म्हनून तर बाजार बुडाला."

मी निलेशच्या शेजारी ओटीवर बसले.

नोटिशीचं प्रकरण अजून कोर्टात आहे. निलेशचं घर राहील की जाईल, कोणी सांगू शकत नाही. रविवारी त्याच्या इमारतीतली माणसं कागद घेऊन काकांच्या ओटीवर येतात, मीही जाते. आत्या अजून माझ्याशी नीट बोलत नाही, पण वडिलांची चौकशी निलेशकडून करते. गेल्या रविवारी सगळे गेल्यावर मी पिशवीतून माझी फाईल काढली. वसईत एक जुनी, लहानशी जागा बघितली आहे, वडिलांना आवडली आहे. मी निलेशला म्हटलं, मी सगळं वाचलंय, मला ठीक वाटतंय, आता तू वाच, आणि माझ्यावर विसंबू नको.

त्यानं खुर्ची दाराच्या उजेडात ओढली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. काकू चहा ठेवून गेली, तो निवला. मधल्याच एका पानावर निलेश थांबला, मागे गेला, पुन्हा त्याच पानावर आला आणि मान वर न करता म्हणाला, "ताई, मूळ मालकाला दोन बहिणी दिसतायत. त्यांच्या सह्या कुठं आहेत?"

सह्या नव्हत्या. फाईल अजून काकांच्या ओटीवरच आहे.