मिस्त्रीचा भाऊ

वायरिंगच्या धंद्यात थोरला आधी पडला. धाकट्याच्या हातात पहिला टेस्टर दिला तोही त्यानंच. आणि आता लोक धाकट्याला 'मिस्त्री' म्हणत आणि याला 'मिस्त्रीचा भाऊ'. ते ऐकलं की याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्यात वाढता वाढता बायको म्हणायची, "भावोजींचं काम बघा, बोट ठेवायला जागा नाही." हा अर्ध्या ताटावरून उठायचा.

म्हणून शिंपीणबाईंच्या जिन्यातला दिवा बिघडल्याचं कळलं तेव्हा याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. वरचं बटण धाकट्यानं बसवलेलं, खालचं यानं. दोघंही गेले.

"वरून बंद केला की खालून लागतच नाही मेला," शिंपीणबाई म्हणाल्या. "कपड्यांचा गठ्ठा घेऊन अंधारात उतरते. एक दिवस मान मोडून घेईन."

"वरचं बटण कुणी बसवलं?" थोरल्यानं मुद्दाम मोठ्यानं विचारलं.

"मी, दादा," धाकटा म्हणाला.

मेन स्विच बंद करून थोरला लगबगीनं वर चढला. जिन्याच्या दिव्याची गंमत अशी, की दोन बटणांमधून दोन तारा जातात. करंटला दोन वाटा. दोन्ही बटणं एकाच वाटेला लागली की दिवा पेटतो, वेगवेगळ्या लागल्या की विझतो. पण खालच्या बटणाच्या मधल्या स्क्रूत येणारा फेज, म्हणजे करंटची तार पाहिजे आणि वरच्या मधल्यात दिव्याकडं जाणारी तार. वरचा मधला स्क्रू बघितला. बरोबर! मेल्यानं तारासुद्धा वेणी घातल्यासारख्या वळवल्या होत्या.

थोरला खाली आला. खालचं बटण उघडलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. फेज कडेच्या स्क्रूत. बटणं बसवली त्या दिवशी शिंपीणबाई वर धाकट्याचं कौतुक करत होत्या. याचे कान तिकडं होते, हात इकडं.

धाकट्यानं मागून वाकून बघितलं. त्याला सगळं कळलं. पण तो म्हणाला, "बाई, माझीच तार ढिली राहिली होती वर. दादा नीट करतोय."

"असू दे हो मिस्त्री," शिंपीणबाई विरघळल्या. "चुकतं माणसाचं."

झालं! म्हणजे काम चांगलं धाकट्यानंच करायचं, आणि दुसऱ्याची चूक पदरात घेऊन मोठेपणाही त्यानंच मिळवायचा? थोरला ताडकन उभा राहिला.

"काही ढिली नव्हती! वर सगळं झकास आहे. चूक माझी आहे, माझी!"

शिंपीणबाई बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "असं तोंडावर कबूल करणारा मी पहिलाच बघितला. मिस्त्री, दुकानातलं वायरिंगपण तुम्हीच बघा आता."

'मिस्त्री' या शब्दाला थोरल्यानं चमकून वर बघितलं. बाई त्याच्याकडंच बघत होत्या. त्यानं फेज मधल्या स्क्रूत घट्ट आवळला, मेन चालू केला, बटण दाबलं. जिना लख्ख उजळला. आता बंद करून बघायचं होतं. पण धाकट्याचं तोंड उतरलंय का, ते नीट दिसावं म्हणून त्यानं दिवा तसाच चालू ठेवला.